संघाच्या सर्व्हरची किल्ली कोणाच्या हातीं असावी ?

गेले कांहीं महिने आपल्या संघाच्या सभासदांमध्यें एका प्रश्नाची बरीच चर्चा चालू आहे. संघाच्या कचेरींत जो सर्व्हर बसविला आहे, म्हणजे ज्या एका संगणकांत सर्व खातेदारांचें पीककर्ज, भागभांडवल, खतांचा व बियाण्यांचा सांठा, इतकेंच नव्हे तर प्रत्येकाचा आधार क्रमांक व बँकेचें खातें हें सर्व नोंदलें आहे, त्या सर्व्हरवर कचेरीबाहेरून काम करण्याची सोय करावी किंवा नाहीं, हा तो प्रश्न होय. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, खताचें गोदाम कचेरीपासून चार कोसांवर आहे, गोदामवाल्यानें रोज सायंकाळीं कागद घेऊन कां यावें ? त्यानें तेथूनच नोंद करावी. दुसरा पक्ष म्हणतो, तारेवाटे आंत येण्यास एक दार ठेवलें कीं त्याच दारानें चोरही येणार. सबब दारच नको. प्रस्तुत लेखकाचीं ३२ वर्षें महसूल खात्यांत दप्तर सांभाळण्यांत गेलीं. त्या अनुभवावरून त्यास असें वाटतें कीं, दार असावें कीं नसावें हा प्रश्नच मुळांत चुकीचा मांडला जात आहे. दार आजही आहे. त्याची किल्ली कोणापाशीं आहे, हें मात्र आपणांपैकीं कोणासही नक्की सांगतां येणार नाहीं.

दार आजही आहे असें म्हणण्याचें कारण उघड आहे. हिशेबाचा प्रोग्राम ज्यांनीं पुरविला त्यांचा माणूस, कांहीं अडलें म्हणजे, शहरांतील आपल्या खोलींत बसूनच आपल्या सर्व्हरवर येतो, दुरुस्ती करतो व निघून जातो. चिटणीसांच्या पडद्यावर बाण आपोआप फिरूं लागला कीं आपण समजतों, काम चालू आहे. त्या माणसाचा पासवर्ड काय, तो आणखी किती जणांस ठाऊक आहे, तो उद्यां नोकरी सोडून गेला तर पासवर्ड बदलला जातो कीं तोच राहतो, हें कोणीं कधीं विचारलें आहे काय ? तालुका कचेरींतील दप्तरखान्याची किल्ली अशा रीतीनें कोणा तिऱ्हाइताच्या खिशांत राहिली असती तर तहसीलदारांनीं अव्वल कारकुनास दुसऱ्या दिवशीं खुर्चीवर बसूं दिलें नसतें.

दुरून काम करणें ही वस्तु शेतकऱ्यास अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. रात्रीं दोन वाजतां थ्री-फेज वीज येते, तेव्हां विहिरीवर न जातां अंथरुणांतूनच मोबाईलवरून पंप चालू करणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. त्या स्टार्टरच्या पेटींत एक सिमकार्ड असतें, व मालकानें नोंदवून दिलेल्या क्रमांकावरून फोन आला किंवा ठरलेला सांकेतिक अंक दाबला, तरच ती पेटी पंपास चालना देते. पेटी विकत घेतांना तिजबरोबर आलेला मूळचा अंक ज्यानें बदललाच नाहीं, त्याचा पंप तो अंक ठाऊक असणाऱ्या कोणाच्याही हातीं आहे. पंपाच्या बाबतींत फार तर पाणी वायां जाईल, मोटार जळेल. संघाच्या सर्व्हरचें तसें नव्हे. तेथें साऱ्या गांवाची पत नोंदलेली आहे.

२०२२ सालीं केंद्र सरकारनें ६३,००० प्राथमिक कृषि पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणासाठीं २,५१६ कोटि रुपयांची योजना मंजूर केली, व तेव्हांपासून खेडोपाडींच्या संस्थांची कीर्द-खतावणी लाल कापडांतून निघून यंत्रांत जाऊं लागली. हें चांगलेंच झालें. लाल कापडास वाळवी लागे, उंदीर लागत, आणि कित्येकदां पानेंच्या पानें गहाळ होत. तें सर्व ह्या लेखकानें पाहिलें आहे. परंतु दप्तर कपाटांत होतें तोंवर तें चोरण्यास चोरास गांवांत यावें लागे. आतां तसें राहिलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, आमच्या एवढ्याशा संस्थेंत चोरण्यासारखें आहे तरी काय ? येथेंच मोठा गैरसमज आहे. घरफोड्या आधीं घर हेरून ठेवतो. इंटरनेटवरील चोर घर पाहत नाहीं, तो आळींतील सर्वच दारें ठोठावीत जातो. जुन्या पद्धतीचे इंटरनेटवरील पत्ते सर्व मिळून सुमारें ४३० कोटि आहेत. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांनीं २०१३ सालीं झेडमॅप नांवाचा एक प्रोग्राम तयार केला. त्याच्या साहाय्यानें एकाच संगणकावरून व एकाच जलद जोडणीवरून जगांतील ह्या सर्व पत्त्यांचें एखादें दार पाऊण तासांत ठोठावून पाहतां येतें, असें त्यांनीं दाखवून दिलें. त्यांचा हेतु अभ्यासाचा होता. चोरांचा तसा नसतो. नवा सर्व्हर उघड्या पत्त्यावर लावून एक रात्र ठेवला तर सकाळीं त्याच्या नोंदवहींत 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट' अशीं नांवें सांगून आंत शिरूं पाहणाऱ्या अनोळखी खटपटींची रांग आढळते. त्या खटपटी करणारा माणूस नसतोच. यंत्रच यंत्राचें दार हलवून पाहत असतें. लहान संस्था म्हणून त्यास दया येण्याचा संभव नाहीं.

शिवाय चोरास आपल्या खतावणींतील आंकड्यांशीं कर्तव्यच नसतें. तो त्या खतावणीस आपलें कुलूप घालतो व तें उघडण्याचे पैसे मागतो. २०२१ च्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या आयोवा राज्यांतील न्यू कोऑपरेटिव्ह ह्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेवर असाच प्रसंग गुदरला. ही संस्था धान्याचा व्यापार करते व सभासदांस खतें पुरविते, म्हणजे आपलीच मोठी बहीण. सुगीचे दिवस तोंडावर आलेले. ब्लॅकमॅटर नांवाच्या टोळीनें ५९ लक्ष डॉलर मागितले, व संस्थेस आपले संगणक बंद करून ठेवावे लागले. आपल्या इकडे पुण्यांतील कॉसमॉस सहकारी बँकेंतून २०१८ च्या ऑगस्टमध्यें दोन दिवसांत सुमारें ९४ कोटि रुपये काढून नेण्यांत आले. त्यासाठीं कोणासही तिजोरीच्या खोलींत पाऊल टाकावें लागलें नाहीं. आपली संस्था ह्या दोहोंच्या मानानें मुंगीएवढी आहे हें खरें. पण जून महिन्यांत खरिपाच्या कर्जवांटपाच्या वेळीं आठ दिवस खतावणी उघडली नाहीं, तर पेरणी कोणासाठीं थांबणार आहे ?

आतां उपायाकडे वळूं. हें काम निर्धास्तपणें करण्याचें साधन नवें नाहीं व महागही नाहीं. पूर्वीं दूरच्या संगणकावर जाण्यास टेलनेट नांवाची पद्धत होती. तींत पासवर्ड उघड्या अक्षरांत जाई. तिजोरीचा सांकेतिक अंक पोस्टकार्डावर लिहून धाडावा तसें तें होतें. वाटेंतला कोणीही वाची. १९९५ सालीं फिनलंड देशांतील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असे पासवर्ड चोरले गेले, तेव्हां तेथील ताटू यलोनेन ह्या गृहस्थानें सर्व संभाषण सांकेतिक लिपींत गुंडाळून नेणारी एस्.एस्.एच्. ही पद्धत रचिली. तिला २२ क्रमांकाचें दार मिळालें. २१ वर फाइली नेण्याची व २३ वर टेलनेटची वहिवाट आधींपासूनच होती, मधलें रिकामें होतें. (वहिवाटीचा हा न्याय आम्हां महसुली लोकांस चटकन् समजतो.) १९९९ सालीं ओपन-एस्.एस्.एच्. ही तिची फुकट मिळणारी आवृत्ति निघाली, व आज बहुतेक लिनक्स सर्व्हरांवर तीच चालते. म्हणजे साधन आपल्या घरांतच आहे. तें नीट लावण्याचाच प्रश्न आहे.

एस्.एस्.एच्. च्या दारानें पासवर्ड सांगूनही शिरतां येतें व किल्ली दाखवूनही. माझें स्पष्ट मत असें आहे कीं, पासवर्डाची वाट अजीबात बंद करावी व किल्लीचीच ठेवावी. ही किल्ली म्हणजे काय तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण सर्व मर्म त्यांतच आहे. संगणकास आज्ञा केली म्हणजे तो गणितानें एकमेकींशीं जुळलेल्या दोन फाइली तयार करतो. एक उघडी व एक गुप्त. उघडी फाइल सर्व्हरवर ठेवावयाची. ती शंभर जणांनीं पाहिली तरी हानि नाहीं, कारण तिजवरून गुप्त फाइल घडवितां येत नाहीं. गुप्त फाइल ज्याची त्याच्याच संगणकांत राहते. दार उघडण्याच्या वेळीं ती तारेवरून जातही नाहीं. त्या भेटीपुरता जो मजकूर दोन्हीं यंत्रांत ठरतो त्यावर गुप्त फाइल सही करते, व सर्व्हर आपल्यापाशीं असलेल्या उघड्या फाइलीवरून ती सही ताडून पाहतो. बँकेंत नमुन्याच्या सहीवरून चेकवरील सही ताडतात तसलाच हा प्रकार. भेद इतकाच कीं, ह्या सहीची नक्कल करणें आजच्या कोणत्याही यंत्रास साधलेलें नाहीं, व कालच्या भेटीची सही आजच्या भेटीस चालत नाहीं. हल्लीं अशा किल्ल्या एड-२५५१९ ह्या जातीच्या कराव्या, असा जाणकारांचा प्रघात आहे; त्या आंखूड असून भक्कम असतात. किल्लीच्या फाइलीस स्वतःचें एक गुप्त वाक्य घालून ठेवावें, म्हणजे लॅपटॉप एस्.टी.त विसरला तरी सांपडणाऱ्यास किल्ली लगेच वापरतां येणार नाहीं.

पासवर्ड आणि किल्ली यांत व्यवहाराच्या दृष्टीनें जो फरक आहे तो ह्याहून महत्त्वाचा आहे. पासवर्ड एकच असतो व तो सर्वांचा होतो. तो फोनवर सांगितला जातो, टेबलाच्या कांचेखालीं चिठ्ठीवर लिहिला जातो, आणि संचालकाच्या पुतण्यासही ठाऊक होतो. मग एखादी नोंद रातोरात बदलली गेली तर ती कोणीं बदलली हें सांगण्यास साक्षात् चित्रगुप्त आला तरी त्यास सांगतां येणार नाहीं. किल्लीचें तसें नसतें. दोन भावांच्या सामाईक फाटकास साखळींत एकांत एक अडकवून दोन कुलपें लावतात, व ज्यानें त्यानें आपलें कुलूप उघडलें तरी फाटक उघडतें, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. सर्व्हरच्या दाराचें तसेंच करतां येतें. चिटणीसांचें कुलूप निराळें, लेखनिकाचें निराळें, प्रोग्रामवाल्यांच्या माणसाचें निराळें. एक जण गेला कीं त्याचें कुलूप साखळींतून काढून घ्यावें. इतरांस नव्या किल्ल्या कराव्या लागत नाहींत, व कोण केव्हां आंत आला हें नांवानिशीं नोंदलें जातें.

हें बसविण्याचा क्रम चुकला तर मालकच बाहेर अडकून पडतो, म्हणून तो थोडक्यांत देतों. प्रथम 'रूट' ह्या सर्वाधिकारी नांवानें काम करण्याची संवय सोडून सर्व्हरवर प्रत्येकाचें आपापल्या नांवाचें खातें उघडावें. मग ज्याची त्यानें आपल्या संगणकावर किल्ली तयार करावी, व फक्त तिची उघडी बाजू सर्व्हरवरील अधिकृत किल्ल्यांच्या फाइलींत एक ओळ म्हणून घालावी. किल्लीनें शिरून पाहावें. तें साधल्यावर सर्व्हरच्या मांडणीच्या फाइलींत 'पासवर्ड-ऑथेंटिकेशन', 'कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह-ऑथेंटिकेशन' व 'परमिट-रूट-लॉगिन' ह्या तिहींपुढें 'नो' असें लिहावें. लिहिलेलें बरोबर आहे कीं नाहीं हें 'एसएसएचडी' ह्या आज्ञेस लहान 'टी' जोडून तपासतां येतें. तथापि येथें एक खोंच आहे. उबुंटूसारख्या आवृत्त्यांत मुख्य फाइलीखेरीज एका पोटफोल्डरांतील लहान फाइलीही वाचल्या जातात, आणि जें वाक्य आधीं वाचलें गेलें तेंच धरलें जातें. आपण मुख्य फाइलींत 'नो' लिहावें आणि पोटफाइलींत 'येस' तसेंच बसून राहावें, असें पुष्कळ ठिकाणीं घडतें. यास्तव त्याच आज्ञेस मोठा 'टी' जोडून अखेर काय लागू झालें आहे तें छापून पाहावें. नवी मांडणी लागू करतांना चालू असलेली खिडकी बंद करूं नये. दुसऱ्या खिडकींतून नव्यानें शिरून पाहावें, व तें जमल्यावरच पहिली सोडावी. नव्या विहिरीस पाणी लागण्यापूर्वीं जुनी कोणी बुजवीत नाहीं.

आणखी एक गोष्ट बहुतेक सर्व लोक डोळे मिटून करतात. प्रथमच एखाद्या सर्व्हरवर जातांना आपला संगणक त्या सर्व्हरच्या अंगठ्याचा ठसा म्हणून अक्षरांची एक ओळ दाखवितो व विचारतो कीं, हा तोच आहे याची खात्री आहे काय ? लोक वाचल्याविना 'येस' टंकतात. दस्त नोंदणीच्या वेळीं ओळख पटविणारे दोन इसम कां बोलावतात हें शेतकऱ्यास सांगावयास नको. दुसऱ्याच माणसास मालक म्हणून उभा करून जमिनी विकल्याचीं उदाहरणें जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. सर्व्हरच्या बाबतींतही मध्यें भलताच संगणक मालक म्हणून उभा राहूं शकतो. सर्व्हरचा ठसा एकदां कचेरींत त्याच्यासमोर बसून काढावा, कागदावर छापून प्रत्येक अधिकृत माणसास द्यावा व पहिल्या वेळीं त्याशीं अक्षरशः ताडून पाहावा. पुढें कधीं ठसा बदलल्याची सूचना पडद्यावर आली, आणि सर्व्हर नव्यानें बसविल्याचें ठाऊक नसेल, तर काम तेथेंच थांबवून कचेरींत फोन करावा.

आतां गोदामवाल्याचा प्रश्न. त्यास सर्व्हरची किल्ली देण्याचें मुळींच कारण नाहीं. सातबाऱ्याचा उतारा मागावयास आलेल्या माणसास आम्हीं कधीं दप्तरखान्यांत सोडलें नाहीं. खिडकीशीं उतारा मिळे. गोदामवाल्यास हिशेबाच्या प्रोग्रामाच्या खिडकीपर्यंत येतां आलें म्हणजे पुरे, आणि त्यासाठीं खाजगी वाट करतां येते. वायरगार्ड नांवाची अशी एक वाट २०२० च्या मार्चमध्यें निघालेल्या लिनक्सच्या ५.६ ह्या आवृत्तीपासून तींत मुळांतच समाविष्ट आहे. तिचा गुण असा कीं, ज्याची किल्ली नोंदलेली नाहीं त्याच्या ठोठावण्यास ती उत्तरच देत नाहीं. बाहेरच्यास आंत कोणी राहतें हेंही कळत नाहीं. एस्.एस्.एच्. चें दारही ह्या वाटेच्या आंतल्या अंगास ठेवावें, म्हणजे सताड रस्त्यावर कांहींच उघडें राहत नाहीं. २२ ऐवजीं दुसऱ्या कोणत्या तरी क्रमांकावर दार हलविलें कीं काम झालें, असें सांगणारेही भेटतात. त्यानें फुकटची खटखट कमी होते, इतकेंच. दार गंजीआड केल्यानें त्यास कडी लागत नाहीं.

आपल्या खेडेगांवीं एक निराळीच अडचण येते. मोबाईलच्या जोडणीवर कंपनी आपणांस स्वतःचा असा बाहेरचा पत्ता बहुधा देत नाहीं. अनेक गिऱ्हाइकांत एकच पत्ता वांटला जातो. त्यामुळें बाहेरून कोणी आपल्या सर्व्हरचें दार शोधूं म्हटलें तर सांपडत नाहीं. चोराच्या दृष्टीनें हें आपल्या पथ्यावरच पडतें, पण आपलाही खोळंबा होतो. अशा वेळीं शहरांतील एखादा लहान सर्व्हर भाड्यानें घ्यावा व आपल्या सर्व्हरनेंच स्वतः बाहेर पडून त्याशीं वायरगार्डची वाट बांधून ठेवावी. वाट बुजूं नये म्हणून दर २५ सेकंदांनीं एक खुणेचा निरोप धाडण्याची सोय तींत आहे. मधल्या सर्व्हरवाल्यास आपलें एस्.एस्.एच्. चें संभाषण वाचतां येत नाहीं, कारण त्यास आंतून दुसरें वेष्टन असतेंच. हिशेबाच्या प्रोग्रामासही तसें स्वतःचें वेष्टन आहे कीं नाहीं तें मात्र विचारून घ्यावें. (विजेचा लपंडाव हा सर्वांवर वरचढ, बॅटरीची सोय नसेल व वीज परत येतांच सर्व्हर आपोआप सुरू होत नसेल, तर वरील सर्व खटाटोप फुकट.)

ज्या संस्थांचा सर्व्हर विंडोजवर चालतो त्यांनीं एवढें निश्चित पाहावें कीं, रिमोट डेस्कटॉपचें ३३८९ क्रमांकाचें दार थेट इंटरनेटवर उघडें नाहीं. खंडणी मागणाऱ्या टोळ्यांची ही आवडती वाट आहे. खाजगी वाटेच्या आंत तें चालेल. पडदा दाखवून दुरुस्ती करून घेण्याचे जे प्रोग्राम मिळतात ते चिटणीस स्वतः समोर बसले असतां, त्या वेळेपुरत्या अंकानें वापरण्यास हरकत नाहीं. कायमचा पासवर्ड घालून ठेवून रात्रंदिवस दार उघडें ठेवण्यास आहे.

येथें मूळ मुद्द्यावर येतों. यंत्रविद्येचा भाग कोणीही चलाख मुलगा दोन दिवसांत बसवून देईल. खरी अडचण माणसांची आहे. २०२१ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील कलोनियल पाइपलाइन ह्या तेल वाहून नेणाऱ्या कंपनीच्या संगणकांत चोर शिरले, ते एका अशा खात्यानें शिरले कीं जें कामांत राहिलें नव्हतें पण बंदही केलें गेलें नव्हतें. त्याचा पासवर्ड पूर्वींच कोठें तरी फुटला होता, व पासवर्डाखेरीज दुसरी कसलीही खूण विचारली जात नव्हती. कंपनीनें सुमारें ४४ लक्ष डॉलर दिले आणि कित्येक दिवस नळ बंद राहून लोक पेट्रोलासाठीं रांगा लावून उभे राहिले. एक न काढलेलें कुलूप ! सरकारी कचेरींत बदली झालेल्या कारकुनानें चार्ज-यादीवर सही करून किल्ल्या मोजून दिल्याखेरीज त्यास सोडीत नाहींत. उपकोषागाराची तिजोरी तर दुहेरी कुलपाखालीं असते; दोन माणसांच्या दोन किल्ल्या एकत्र आल्याखेरीज ती उघडत नाहीं. ह्या रीति कंटाळवाण्या आहेत, त्यांस आम्हीही नांवें ठेवीत असूं; पण त्या कोणीं तरी नुकसान सोसूनच घातलेल्या आहेत.

प्रोग्राम पुरविणाऱ्यांशीं ह्या बाबतींत स्पष्ट बोलावें. ते म्हणतील, "दर वेळीं तुमच्या परवानगीसाठीं खोळंबून आम्हांस काम करतां येणार नाहीं." त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं, मार्चअखेरीस रात्रीं दहा वाजतां व्याजाची आकारणी अडली तर परवानगी देण्यास कोण जागा असणार? यास तोड अशी कीं, त्यांच्यापैकीं नेमक्या दोन माणसांच्या नांवें दोन किल्ल्या द्याव्या, त्या वर्षाच्या मुदतीच्या ठेवाव्या, आणि माणूस बदलला तर तीन दिवसांत लेखी कळविण्याची अट करारांत घालावी. मुखत्यारपत्र जसें ठराविक कामापुरतें व ठराविक इसमास देतात, 'कंपनींतील कोणीही' अशा नांवें देत नाहींत, तसेंच हें समजावें. जो पुरवठादार इतकेंही मान्य करणार नाहीं, त्याच्या हातीं आपल्या २,००० खातेदारांचीं खातीं ठेवावीं कीं काय, याचा विचार संचालकांनीं करावा. माझ्या मतें ठेवूं नयेत.

सर्व्हरची नोंदवही ही आमच्या बारनिशीसारखी आहे. आलेला प्रत्येक कागद तींत चढतो, पण ती कोणी उघडून वाचली नाहीं तर तिचा उपयोग रद्दीइतकाच. भारत सरकारच्या सर्ट-इन ह्या खात्यानें २०२२ च्या एप्रिलमध्यें काढलेल्या आदेशान्वयें अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवणें व घुसखोरीसारखा प्रकार लक्षांत आल्यापासून ६ तासांत कळविणें हें कंपन्या व संस्था यांवर बंधनकारक आहे. सहा तास ! आपल्याकडे पंचनाम्यास माणसें जमविण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. तेव्हां कोणीं, कोणास, कोणत्या पत्त्यावर कळवावयाचें हें आधींच लिहून भिंतीवर लावलेलें असावें.

प्रोग्रामच्या डागडुजीविषयीं हेळसांड करूं नये, हेंही सांगणें प्राप्त आहे. २०२४ च्या मार्चमध्यें आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यास एस्.एस्.एच्. नें शिरतांना नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें. दुसऱ्या कोणीं तें सोडून दिलें असतें. त्यानें मूळ शोधलें. तेव्हां असें निघालें कीं, एक्स-झेड नांवाच्या एका साह्यकारी प्रोग्रामांत कोणा एकानें दोन वर्षें विश्वासानें काम करून, मालकाचा भार हलका करण्याच्या मिषानें, शेवटीं चोरदार बसविलें होतें. तें बहुतेक सर्व्हरांवर पोहोंचण्यापूर्वींच पकडलें गेलें. दर आठवड्यास नव्या दुरुस्त्या घालून घेण्याचें काम एका नेमलेल्या माणसाकडे असावें, आणि खतावणीची एक प्रत रोज अशा डब्यांत उतरून घ्यावी कीं जी उतरल्यावर तारेपासून वेगळी होते. ती प्रत महिन्यांतून एकदां दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडलेलें बियाणें उगवतें कीं नाहीं हें पेरल्यावरच कळतें, व तेव्हां फार उशीर झालेला असतो.

येत्या संचालक मंडळाच्या बैठकींत ह्या विषयावर ठराव यावा अशी माझी विनंति आहे. ठरावांत यंत्राचीं नांवें न घालतां किल्ल्यांची एक वही ठेवण्याचें तेवढें घालावें. कोणाची किल्ली, कोणत्या कामापुरती, कोणत्या तारखेस दिली, कोणाच्या सहीनें दिली, मुदत केव्हां संपते, केव्हां काढली व काढल्याची खात्री कोणीं केली, इतकीं घरें पुरेत. दर तीन महिन्यांनीं ती वही सर्व्हरवरील अधिकृत किल्ल्यांच्या फाइलीशीं ओळीनें ओळ ताडून अध्यक्षांनीं खालीं सही करावी. एक अडचणीच्या वेळची किल्ली मोहोरबंद पाकिटांत घालून बँकेच्या लॉकरमध्यें ठेवावी, व तिचें गुप्त वाक्य दुसऱ्या पाकिटांत अध्यक्षांपाशीं असावें, म्हणजे चिटणीस आजारी पडले तरी काम अडणार नाहीं व एकट्यास कोणासच ती वापरतां येणार नाहीं. वहीची आंखणी मीं करून ठेविली आहे; चिटणीसांनीं मागितल्यास पहिल्या वर्षाच्या नोंदी मी विनावेतन लिहून देईन.

— एक सेवानिवृत्त अव्वल कारकून